पाहुण्यांचं गोडं पाणी

"तुमच्या गावात लोक आजारी आहेत, पण तुमच्या तक्त्यात कारणच सापडत नाही," गाइड मॅडम म्हणाल्या. "असंच सबमिट केलं, तर हे गाव तपासणीतून वगळलं जाईल."

मी आरोग्य कार्यालयात सांख्यिकी सहायक. म्हणजे आकडे जुळवणारा माणूस. चाळिशी उलटल्यावर, संसार सांभाळत, अमरावतीला पब्लिक हेल्थच्या पदवीला बसलो. वर्गात सगळे मला काका म्हणत. प्रोजेक्टमध्ये जोडीदार नाझिया, अकोल्याची दातांची डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाची.

प्रोजेक्टला मिळालेलं आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाण पट्ट्यातलं. तिथं जमिनीखालचं पाणीच खारट. ते वर्षानुवर्षं पिऊन मूत्रपिंडं बिघडतात का, हा आमचा प्रश्न. तालुक्याकडून रक्ततपासणीची गाडी येणार होती. ज्या गावात लोक खारं पाणी पितात, त्यांनाच ती मिळणार होती. आमच्या सर्व्हेत मात्र जवळजवळ प्रत्येक घरानं सांगितलं होतं, "नळाचं पितो. गोडं."

मला लताबाई आठवत होत्या. त्यांच्या पायांवर सूज होती. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा. "गाडी आली तं दाखवीन," त्या म्हणाल्या होत्या. "अमरावतीले जाणं होत नाई. मजुरी बुडते." त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि वेचणीचं कामही थोडंच होतं.

मी फॉर्म परत काढले. नळ किती दिवसांआड येतो, घरात ड्रम किती, माणसं किती, हे आम्ही विचारलेलं होतं. भागाकार केला. माणशी जे पाणी आलं, त्यात स्वयंपाक उरकला तर पिण्यापुरतं उरत नव्हतं. मग उन्हात कापूस वेचणारी माणसं पितात काय?

"खोटं कशाला बोलतील काका?" नाझिया म्हणाली. "प्रत्येक घरात आपण पाणी प्यायलो. गोडंच होतं."

"तेच तर. आपण प्यायलो."

दुसऱ्या दिवशी घरांत न जाता आम्ही दुपारी शेतात गेलो. बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जेवायला बसल्या होत्या. मधे एक कॅन. नाझियानं हात पुढे केला तशी लताबाईंनी कॅन मागं ओढली.

"थे नको पिऊ बाई. विहिरीचं हाय. तुले नाई सोसन."

"मग तुम्ही?"

"आमाले सवय हाय."

"मावशी, घरी तर तुम्ही गोडं सांगितलं होतं," मी म्हणालो.

बाया एकमेकींकडं बघून हसल्या. एक म्हणाली, "घे! पाहुण्याले खारं पाजाव काय? गोडं पाणी पाहुण्याचं अन् डाळीचं. खाऱ्यात डाळ शिजत नाई."

"पण कागदावर तरी खरं सांगायचं."

"कागदावर?" लताबाईंचा आवाज चढला. "मायं पोरगं लग्नाचं हाय. खारं पाणी पेणाऱ्या गावात पोरगी कोन देते? तुमी देसान काय तुमची?"

माझी मुलगी त्या वर्षी लग्नाचीच होती.

नाझियानं त्यांचे पाय पाहिले. "खाला," मावशी म्हणावं तसं ती म्हणाली, "गाडी यायला हवी. खरं लिहिलं तरच येईल."

लताबाईंनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग म्हणाल्या, "लिवा. पण गाडी गावात नका आणू. फाट्यावर उभी करा."

आम्ही प्रश्न बदलला. 'कोणतं पाणी पिता' ऐवजी 'काल शेतात कोणतं पाणी नेलं', आणि तोही शेतातच विचारायचा. सबमिशन पुढं ढकलावं लागलं. ऑफिसात साहेब म्हणाले, "एका प्रश्नासाठी रजा वाढवता?" मी हो म्हणालो. नवा तक्ता जुन्याच्या बरोबर उलटा आला.

गाडी फाट्यावर उभी राहिली. माणसं शेतात जाता जाता थांबली. लताबाईंचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मूत्रपिंड रक्तातून जी घाण गाळतं, त्यातली ही एक. ती रक्तात साचली म्हणजे गाळणी थकली. पूर्ण बरं होण्याची वेळ गेली होती. औषधानं आहे तिथं थोपवण्याची होती, आणि ते झालं.

आम्हाला पदवी मिळाली. लताबाईंच्या मुलाचं लग्न ठरलं, मुलगी मोर्शीकडची, संत्र्याच्या भागातली. लग्नात पाण्याच्या कॅन विकत आणलेल्या होत्या. मीही तेच पाणी प्यायलो.

पुढं लताबाई तपासणीला आल्या तेव्हा मी विचारलं, "सुनेला कळलं का?"

"पयल्याच दिवशी. तिची डाळ शिजली नाई. लय रडली."

"आणि आता?"

"आता काय? आता थे बी पाहुण्याले गोडं देते."

पदवीच्या दोन वर्षांत नमुना निवडणं, टक्केवारी, सगळं शिकलो. पाहुणा म्हणून बसून यजमानाला पाण्याबद्दल विचारू नये, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.