चुकलं तरच बोलतो

परदेशात भाचीचं उष्टावण सुरू होणार होतं आणि आमच्या जुन्या लॅपटॉपला वायफाय दिसेना. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत मी वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, बसवत होतो. दरवेळी पडदा चार ओळी सुनावायचा. शेवटच्या कमांडला मात्र तो गप्प राहिला.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"काहीच नाही. म्हणजे जमलं. तो चुकलं तरच बोलतो."

माणसंही अशी असतातच की. सगळं नीट असलं की शब्द काढत नाहीत.

वायफाय लागलं. व्हिडिओ कॉलवर ओठांवर खीर माखलेली भाची दिसली. आई मात्र माझ्या वाक्यातच अडकली होती. तिने बाबांकडे वळून विचारलं, "अहो, म्हणजे इतकी वर्षं माझा स्वयंपाक चांगलाच होत होता?"

बाबा काहीच बोलले नाहीत. आई खूश झाली.