भोक पाडलेले कॅन

आमच्या घरात रिकामा डबा म्हणजे लक्ष्मी. कपाशीची फवारणी झाली की औषधाचे पांढरे कॅन सासूबाई राखेने घासत, उन्हात वाळवत, आणि मग शेजारणी ते मागायला येत. कुणाला शेतात पाणी न्यायला हवा, कुणाला बियाणं ठेवायला. दारी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. मी नवऱ्याजवळ कुरकुरायचे, पण त्यांच्यापुढे माझी दातखीळ बसायची.

मुलगी चालायला लागली आणि दातखीळ सुटली. एका दुपारी ती ओसरीवर अशाच एका कॅनचं झाकण चघळत बसलेली दिसली. झाकण हिसकावलं, तिचं तोंड धुतलं आणि तशीच तिला घेऊन दवाखान्यात धावले. सुदैवाने काही झालं नव्हतं. पण घरी आले ती भांडायच्याच तयारीने. उन्हात तापलेला, घासूनपुसून लख्ख केलेला कॅन उघडला आणि सासूबाईंच्या नाकाशी धरला.

"वास येस का, माय?"

त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, रुसल्या.

तेव्हापासून नवऱ्याने नियमच केला. कॅन रिकामा झाला की तीनदा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, बुडाला भोक पाडायचं आणि कुलपाच्या खोलीत पोत्यात टाकायचा. शहाद्याच्या औषध दुकानदाराने ती पोती परत घ्यायचं कबूल केलं. भोक पाडताना सासूबाईंचा जीव तुटायचा.

"इतला चांगला डबा, त्याले छेद कसाले पाडतस?"

एक कॅन त्यांनी धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवला होता. मला ते माहीत होतं आणि रागही होता. अशात शेजारीण कडेवर लेक घेऊन आली, शेतात पाणी न्यायला कॅन मागू लागली. सासूबाई आत गेल्या. आता कोठीमागचा निघणार, म्हणून मी उंबऱ्यातच उभी राहिले.

त्या बाहेर आल्या त्या माहेरची तांब्याची कळशी घेऊन. मला ती कधी भरू दिली नव्हती.

"हाई लई जाय. कॅनमा तुन्ही पोरले पानी नको पाजू."

शेजारीण गेल्यावर त्यांनी लपवलेला कॅन आणला, विळा घेतला आणि माझ्यासमोर बसल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

"धर घट," म्हणाल्या. मी कॅन घट्ट धरला.