पंप मी बंद केला होता

"हात पुढे कर," साहेब म्हणाले.

मी केले. वाटलं, भाजलंबिजलं का बघतायत. त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली, हात नाकाशी नेऊन हुंगले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बोंबील! या हातांनी तेल भरल्यावर दुसरं काय होणार?"

पाहुणे हसले. आमच्या डिझाइन खात्यातले सहाजणही हसले. तेल भरताना माझ्या हातांत हातमोजे होते, हे त्या सहाही जणांनी पाहिलेलं. मी हात तसेच पुढे धरून उभी. मागे घ्यायचंही सुचलं नाही, बघा.

बोईसरच्या एमआयडीसीतली कंपनी. पोलादाच्या आड सुसाट जाणाऱ्या वस्तूचा एक्स-रे काढायचा, तर नळीला काही लाख व्होल्टचा एकच झटका लागतो. तो देणारं यंत्र माझं. तेलाच्या टाकीत वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची चळत. सगळे एकत्र चार्ज करायचे आणि एका दमात एकामागे एक जोडून सोडायचे. तीन वर्षं मी दुसरं काही बघितलं नाही. शिरगावच्या मासळीवालीची पोरगी, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझं नाव!

तेल भरलं की टाकीला पंप लावून आतली हवा ओढायची. दोन दिवस. बुडबुडा राहिला तर तिथूनच ठिणगी फुटते. पण चाचणी बघायला यायचे ते पाहुणे एक दिवस आधीच आले.

"पंप बंद कर," साहेब म्हणाले.

"सर, अजून बुडबुडे येतायत."

"तुला सांगितलं ना!"

मी बंद केला.

पाहुण्यांसमोर यंत्र चालवलं आणि टाकीत धाडकन आवाज झाला. झाकण काढलं तर वरच्या पट्टीखाली काळी रेघ, बुडबुडे अडकतात बरोबर तिथंच. साहेबांनीही ती पाहिली. आणि मग माझे हात मागितले.

दुपारी रिपोर्ट आला. 'हाताळणीतील अस्वच्छतेमुळे बिघाड.' खाली माझ्या सहीची जागा. सही केली तर नोकरी राहणार, यंत्र दुसऱ्याच्या नावावर जाणार. "उद्या सकाळपर्यंत," साहेब म्हणाले.

घरी आये अंगणात काठ्यांवर बोंबील घालत होती. मी आल्या आल्या हातांना लिंबू चोळायला बसले. कातडी झोंबली तरी चोळत राहिले. तिनं विचारलं, मी सगळं सांगून टाकलं.

"यापुढं तुज्या डब्याला मी हात लावाची नाय गो," ती म्हणाली. "तुजा तू भर."

आणि तिनं स्वतःचे हात पदराखाली घेतले. त्याच हातांच्या मासळीवर मी इंजिनियर झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जीव नकोसा झाला.

हात कसले हुंगता? माझा गुन्हा वासाचा नव्हताच. बुडबुडे डोळ्यांनी दिसत असताना मी पंप बंद केला. भिऊन. हा माझा गुन्हा.

सकाळी रिपोर्टवरची ती ओळ खोडली. लिहिलं: 'बुडबुडे येत असताना पंप बंद केला. सांगणारे: विभागप्रमुख. बंद करणारी: मी.' खाली सही ठोकली.

साहेबांनी वाचलं. "गेटपास ठेव टेबलावर. तुला इथं कोण उभं करतं, बघतोच."

ठेवला. खोटं कशाला बोलू? दुसरी नोकरी नाही. यंत्र तिथंच राहिलं, काळ्या रेघेसकट. आयेला काय सांगायचं, ठाऊक नाही. पण माझा डबा तीच भरेल, सुक्या बोंबलांनी. आणि बुडबुडा दिसत असताना, साहेब असो की साहेबाचा बाप, माझा हात पुन्हा त्या बटणावर जायचा नाही.