बसायची जागा

सिल्वासाच्या आमली भागातलं आमचं कॉफीचं दुकान का बुडालं याची कारणं मला तोंडपाठ आहेत. गटारासाठी रस्ता खणला आणि महिनेच्या महिने तसाच ठेवला. गाडी लावायला जागा नाही. समोर चहाची टपरी. कारखान्यातली माणसं पाळी सुटली की चहाच पिणार, त्यांना फेसाची कॉफी कशाला हवी? रविवारची गर्दी म्हणाल तर ती हद्दीपलीकडची. गुजरातेत दारूबंदी, म्हणून गाड्या भरभरून सिल्वासात येतात. वासोण्याचे सिंह बघतात, दुधनीला होडीत बसतात आणि परतताना बारमध्ये शिरतात. असल्या गावात कॉफी कोण पितो? हे सगळं मी भाजीवालीपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत प्रत्येकाला ऐकवलं. सगळे माना डोलवायचे. बाई सांगतायत म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण मी बत्तीस वर्षं शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. मुलं उपयोग हमखास चुकवायची आणि मी लाल पेनानं फुली मारायचे. माझ्या वाक्यावर फुली मारायला आता कुणी नाही, म्हणून स्वतःच लिहायला बसले आहे.

मी मूळची राजापूरकडची. अठ्ठाविसाव्या वर्षी इथल्या मराठी शाळेत नोकरी लागली आणि इथलीच झाले. खानदेशातून कारखान्यांत आलेल्या कामगारांची पोरं, तलासरी-डहाणूकडची पोरं, कचेरीतल्या साहेबांची पोरं, सगळी माझ्या हाताखालून गेली. "बाई, मने नाय समजलं," असं कुणी म्हणालं की तेच वाक्य शुद्ध करून दहा वेळा लिहायला लावायचे. दरारा होता माझा, आणि तो मला आवडायचा, खोटं कशाला बोलू? वर्गात पाऊल टाकलं की मॉनिटर ओरडायचा, "एक साथ..." आणि पन्नास पोरं खाडकन उभी राहून म्हणायची, "नमस्ते!" मग मी टेबलावर वह्या ठेवायचे, सावकाश चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "बसा." मी म्हणेपर्यंत कुणाची बसायची छाती नसायची.

माझी मुलगी त्याच शाळेत. सातवीला तर माझ्याच वर्गात. शाळेत आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा माझा नियम. एकदा चुकून तिच्या तोंडून "आई" निघालं, तर तास संपेपर्यंत तिला उभी ठेवली. सगळ्यांना सारखा न्याय म्हणून शिक्षकखोलीत माझं केवढं कौतुक झालं! जळला मेला तो न्याय.

पुढे ती पुण्याला गेली, शिकली, तिथल्या एका कॉफीच्या दुकानात चार वर्षं काम करून त्या कामावर हात बसवला. हे गेल्यावर मी घरात एकटीच. तेव्हा ती परत आली आणि म्हणाली, "आई, मी इथंच दुकान काढते. दीड वर्ष बघते. चाललं तर मी कायमची इथं. नाहीच चाललं तर मात्र मला जावं लागेल." म्हणजे दुकान चाललं तर पोर माझ्याजवळ, नाही तर मी आणि चार भिंती. इतका साधा हिशेब होता, आणि तो मला त्या दिवसापासून ठाऊक होता.

आमलीत तिनं एक गाळा भाड्यानं घेतला. माझ्या फंडातले थोडे पैसे मी घातले. दारावर तिनं पाटी लावली, 'निवांत बसा'. आमच्याकडे 'बसणं' म्हणजे काय ते सांगायला नको. आज बसू या म्हटलं की बाटली आलीच. पहिल्याच रविवारी सुरतेकडचे चौघे आत शिरले आणि विचारते झाले, "बेन, बियर ठंडी छे ने?" पोरगी हसून हसून बेजार झाली. संध्याकाळी घरी येऊन नक्कल करून दाखवली. किती दिवसांनी आमच्या घरात कुणी तसं हसलं होतं.

मी तिला म्हटलं, "अगं, एवढीशी कॉफी, कोण देणार एवढे पैसे?"

"कॉफी काय गं, घरीही होते," ती म्हणाली. "लोक बसायला येतात. घरी जागा नसते, घरात चार माणसं कान देऊन असतात. इथं दोन तास बसलं तरी कुणी विचारत नाही तू कोण, कुणाचा. ते विकायचं असतं."

मला ते काही पटलं नाही. पण दुकान चाललं बरं का! पहिले चार महिने छान चाललं. कारखान्यातली तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी यायची, कॉलेजच्या मुली यायच्या, परीक्षेचा अभ्यास करणारे कोपरा धरून बसायचे. रस्ता तेव्हाही खणलेलाच होता. चहाची टपरी तेव्हाही समोरच होती. हे मी नंतर कुणाला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी मी निवृत्त झाले. नारळ घेतला, शाल घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन गल्ल्यावर बसले. मला वाटलं, पोर एकटी राबते, आपला हातभार. आणि घरी करू काय? भिंतींना पाढे शिकवू?

खिडकीजवळच्या टेबलावर चार मुलगे मोठमोठ्यानं हसत होते. एकाचा पाय समोरच्या खुर्चीवर. त्यातल्या एकाची नजर माझ्यावर गेली आणि त्याच्या तोंडून निघालं, "एक साथ..." चौघं खाडकन उभे. "नमस्ते!" अहो, काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या! काल संपलेली नोकरी आज परत मिळाल्यासारखं झालं. मी चष्मा पुसला. म्हटलं, "बसा." बसले. खुर्चीवरचा पाय खाली गेला. मग मी त्यांच्या टेबलाशी गेले. दहावीला किती पडले होते रे तुला? हल्ली काय करतोस? कंत्राटी? तू तर इंजिनिअर होणार होतास ना? आईचे गुडघे कसे आहेत? चौघांनी दहा मिनिटांत कॉफी संपवली आणि वाकून नमस्कार करून गेले. मुलगी मशीन पुसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागली. मी मात्र दिवसभर खुशीत होते की गाव अजून मान देतं.

ते चौघं परत आले नाहीत. मी म्हटलं, आजकालच्या पोरांना काय, आज हे तर उद्या ते.

पुढचे महिने असेच गेले. मुलं दारातून आत यायची, गल्ल्यावर मी दिसले की नमस्ते करायची आणि "बाई, पार्सल" म्हणायची. हातात गरम पेला घेऊन बाहेर खणलेल्या रस्त्याच्या कडेला उभ्यानं पीत राहायची, आणि आत खुर्च्या रिकाम्या. मला वाटायचं, बाहेर वारा बरा लागत असेल. आणि जी दोनचार बसायची त्यांनी नीट बसावं म्हणून मी एक कागद लिहून भिंतीला लावला. 'खुर्चीवर पाय ठेवू नयेत. मोठ्याने हसू नये.' 'मोठ्याने'च्या खाली दोन रेघा. मुलीनं तो काढला. मी दुसरा लावला.

एकदा ती हळूच म्हणाली, "आई, दुपारची घरी पडत जा ना जरा. पाय सुजतात तुझे."

"मला हाकलतेस?" मी भर दुकानात आवाज चढवला. "माझे पैसे नाहीत यात? बत्तीस वर्षं उभी राहिले म्हणून पाय सुजतात. बसून नाही सुजत!"

ती टेबलं पुसायला गेली. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. मला वाटलं, मी जिंकले.

मग ती गोष्ट घडली, जी मी आजवर कुणापाशी बोलले नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी, शाळेत हुशार, आता कॉलेजला. ती मंगळवारी-शुक्रवारी एका मुलाबरोबर मागच्या टेबलावर बसायची. दोघं पुस्तकं उघडून बसत, थोडं बोलत, थोडं लिहीत. मला ती आवडायची. बाजारात तिची आई भेटली आणि मी कौतुकानं बोलून गेले, "तुमची मुलगी येते हो आमच्या दुकानात, तिच्या मित्राबरोबर. छान अभ्यास करतात दोघं." देवाशप्पथ सांगते, कौतुकानंच बोलले. पालकसभेत बोलतात तसं. त्या बाईचा चेहरा उतरला तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्या पोरीचं कॉलेज त्याच आठवड्यात बंद झालं. काही महिन्यांत तिला मामाकडे पाठवली म्हणून कानावर आलं. पुढचं मी विचारलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर आमच्या दुकानात पार्सललाही कुणी फिरकेना. अख्ख्या गावाच्या पोरांना कळलं होतं की तिथं बाई असतात आणि बाई घरी सांगतात.

समोरचा टपरीवाला धुळ्याकडचा. त्याचीही दोन पोरं माझ्याकडे शिकली. एकदा मी त्याच्यासमोर माझी नेहमीची रेकॉर्ड लावली, रस्ता, गाड्या, दारू. त्याच्यावरही ताशेरे ओढले, तुमच्या चहानं आमचं गिऱ्हाईक पळवलं म्हणून. त्यानं चहा गाळला, ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "राग नका मानू बाई. माझ्याकडचं गिऱ्हाईक उभ्यानं पितं न् जातं, त्याला कोन बगतं? तुमच्याकडे बसाचं असतं. तुमी तठे गल्ल्यावर बसतात ना, म्हनून पोरं नाही बसत."

हातातला चहा तसाच ठेवून मी रस्ता ओलांडला. आधी संताप आला. मेल्या, माझ्याकडे तुझ्या पोरांनी बाराखडी गिरवली आणि मला शिकवतोस? मग दुकानाच्या दारात उभी राहिले आणि आत पाहिलं. बारा खुर्च्या, एकही माणूस नाही, भिंतीवर माझं सुंदर अक्षर.

मुलगी कपाट आवरत होती. मी विचारलं, "माझ्यामुळे?"

तिनं कपाटाचं दार लावलं.

"तुला ठाऊक होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायला हवं होतं?" तिचा आवाज शांत होता, त्याचंच मला भय वाटलं. "बाई, वर्गाबाहेर जा?"

कागद मी त्याच दिवशी फाडला. दुसऱ्या दिवसापासून घरी बसले. पण गाव एकदा पाठ फिरवतं ते तुमच्या सोयीनं वळत नाही. पोरांना काय ठाऊक बाई आज आहेत की नाहीत? दीड वर्ष भरलं तेव्हा तिनं गाळा सोडला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करू कुणाकडे? म्हणून मी रस्त्याकडे केली, गटाराकडे केली, चहाकडे केली. ती ऐकत असायची आणि तिनं मला एकदाही खोटं पाडलं नाही.

ती पुण्याला गेली असती तर बरं झालं असतं. लांब पडतं, येता येत नाही, असं लोकांना सांगता आलं असतं. ती गेली वापीला, अर्ध्या तासावर. एका मैत्रिणीबरोबर तिथं लहानसं दुकान घेतलं आणि तिथंच खोली करून राहिली. रोज जाऊन-येऊन करता आलं असतं, पण केलं नाही. रविवारी फोन येतो. "आई, तू कशाला दगदग करतेस, मीच येते." येते कधी कधी.

गेल्या महिन्यात मी न सांगता गेले. ओल्या नारळाच्या वड्या केल्या होत्या, डबा घेतला आणि शेअर रिक्षात बसले. दुकान सापडायला वेळ लागला नाही. काचेतून आतली गर्दी दिसत होती. खिडकीजवळ सिल्वासाचीच पोरं होती, आमचे तेच चौघं, पाय खुर्चीवर. अर्धा तास गाडी मारून ती इथं येऊन बसत होती. त्यांच्यात माझी मुलगी बसली होती, टेबलावर कोपरं टेकून, मान मागे टाकून हसत. बियरवाल्यांची नक्कल करत असावी.

मी दार ढकललं. तिनं मला पाहिलं आणि उभी राहिली. सगळ्यांच्या आधी ती. मग खुर्च्या सरकल्या आणि ते चौघंही उभे राहिले.

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "बसा." चौघं बसले. ताठ, पाय खाली घेऊन. ती बसली नाही.

"आई, काय घेशील?"

"पार्सल दे," मी म्हणाले. डबा गल्ल्यावर ठेवला. "मी बसत नाही गं."

बस ना, असं ती म्हणेल म्हणून मी थोडी थांबले. तिनं कॉफी केली, साखर बेताची घातली, पेल्यावर झाकण बसवलं, सांडू नये म्हणून चारी बाजूंनी दाबलं आणि पेला माझ्या हातात दिला.