पालथ्या क्रेटवरचा माणूस

ज्या संस्थेसाठी तुम्ही जीव तोडून शिफारस करता, तिची एक तरी खोट चार माणसांत सांगायची हिंमत तुमच्यात आहे का? उस्मानचाचांत होती. गेल्या महिन्यात ते गेले. मी आष्टीच्या बाजारात मुलींच्या वसतिगृहासाठी मदतीची पत्रकं वाटत होते, तेव्हा ते चालवणाऱ्या सुनंदाताईंचा फोन आला. "चाचा गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. बाजार मात्र ओरडत होता.

चाचा बीडचे फळांचे व्यापारी. पेठेतल्या दुकानदारांनी आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी चालवलेल्या मदतनिधीचे ते पहिल्यापासूनचे माणूस. कोणत्या संस्थेला मदत द्यायची, हे दरवर्षी त्यांच्या गोदामात, सीताफळांच्या वासात ठरायचं. त्यांनी घालून दिलेला नियम एकच. ज्याची शिफारस, त्यानंच आधी तिच्याविरुद्ध बोलायचं. तेही सगळ्यांच्या मधोमध, पालथ्या क्रेटवर बसून. कौतुक नंतर, खुर्चीवरून. "जुलूम आहे हा, चाचा," मी सदस्य झाले तेव्हा म्हणाले होते. "हाय," ते हसले, "कौतुकाची पत्रकं छापणाऱ्यांवर तर लई."

गेल्या वर्षीची बैठक मला अजून झोपू देत नाही. चाचांची शिफारस सुनंदाताईंच्या वसतिगृहाची होती. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागं उरलेल्या पोरी तिथं राहतात, शाळेत जातात. मदत मिळाली नसती तर दिवाळीनंतर ते उघडणारच नव्हतं आणि पोरी कोयत्यामागं मोळ्या बांधायला फडात गेल्या असत्या. दुसरी शिफारस बापूसाहेबांची. हे निधीला सगळ्यात मोठी देणगी देणारे बागायतदार. त्यांची संस्था सामुदायिक विवाह लावते आणि तिच्या मांडवात पुढारी रांगेनं येतात.

सुनंदाताई चाचांना राखी बांधायच्या. चाचा सावरून घेतील, असंच सगळ्यांना वाटत होतं. ते क्रेटवर बसले आणि म्हणाले, "पोरींच्या न्हाणीघराला आतून कडी न्हाई. म्या बहिणीला सांगितलं, तर म्हणती, आधी धान्य भरू दे. एक पोरगी दारात उभी राहती, तवा दुसरी आंघोळ करती. हे बरं न्हाई."

बापूसाहेबांचा चेहरा उजळला. "मग मिटलंच की चाचा! असल्या जागंत पैसा काहून घालायचा?"

"नका घालू. आता तुमी बसा हितं."

"मी काहून बसू? आमच्या संस्थेत खोटच न्हाई."

"मग तिला मदत कशाला? हार घाला की."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. बापूसाहेब ताडकन उठले. "उद्यापासून माझी देणगी बंद झाली तर?"

चाचांनी बसल्याजागी क्रेटवर थाप मारली. "तर निधी लहान होईल, बापूसाहेब. ह्यो क्रेट हाय तेवढाच राहील."

मग कोपऱ्यातल्या एका गॅरेजवाल्यानं वसतिगृहासाठी हात वर केला, मग दुसऱ्यानं. बापूसाहेब बसले नाहीत, निघून गेले. वसतिगृह वाचलं, अट एकच, आधी कडी. दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः सुतार घेऊन तिथं पोचले. "भरल्या सभेत माझी अब्रू काढलीस, भाऊ!" सुनंदाताई फणकारल्या. "अब्रू पोरींची राखायची हाय, तुझी न्हाई. च्या टाक," चाचा म्हणाले.

आता ऐका. चाचांच्या शोकसभेतच बापूसाहेब म्हणाले, "त्यांच्याबरोबर तो नियमही गेला. यंदा खुर्च्यांवर बसून सभ्यपणे ठरवू." सभ्यपणा! ज्यांना प्रश्न नको असतात, त्यांचा हा आवडता शब्द. मी त्याच संध्याकाळी गोदामात गेले. कुणीतरी चाचांचा क्रेट सुलटा करून त्यात सीताफळं भरली होती. मी फळं काढून ठेवली आणि तो पुन्हा पालथा केला.

तोडणीच्या टोळ्या निघण्याआधी यंदाची बैठक त्याच गोदामात होईल. ती सर्वांना खुली आहे. वसतिगृहाची शिफारस मी करणार आहे आणि आधी त्या क्रेटवर बसून सांगणार आहे की, सुनंदाताई थकल्या आहेत आणि रात्री पोरींजवळ दुसरं मोठं माणूस नसतं. बापूसाहेब यंदाही आपल्या संस्थेची शिफारस घेऊन येतील आणि ह्याच वाक्यानं वसतिगृह बंद पाडू पाहतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून विनंती आहे, त्या दिवशी या. माझं बोलून झालं की क्रेटकडे बोट दाखवा आणि बापूसाहेबांना मोठ्यानं सांगा, आता तुमी बसा हितं.