मूर्तिजापूरचा गोटीसोडा

अकोल्याच्या फलाटावर पाय टेकतो न टेकतो तोच थोरल्या भावाने, दादाने, लांबूनच ओरडून स्वागत केलं, "किती वायली (वाळलीस) वं मंदे! पुण्यात खायले भेटत नाई का?" पुण्याच्या माणसांना हे भांडण वाटेल. आमच्याकडे ही माया असते, आणि ती साऱ्या स्टेशनला ऐकू जाते.

बाळापूरजवळच्या शेतात रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) होणार होते, म्हणून तर मी आले. बाबा गेल्यापासून दादाने ते बंदच केले होते. अशाच एका पंगतीनंतर बाबांच्या छातीत दुखू लागलं. सगळे म्हणाले, गॅस. बाबांनी स्वतःच सोडा मागितला, आणि दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. मी तेव्हा पुण्यात होते. पुढे रोडगे झाले नाहीत. दादा गोवऱ्या रचायला कंटाळत असेल, असं मी धरून चालले होते. यंदा वहिनीने हट्टच धरला.

निंबाखाली धूर निघाला आणि मला लहानपण आठवून गलबलून आलं. रोडगा फोडून त्यात तूप, वर तुरीचं वरण, शेजारी तर्रीदार वांग्याची भाजी. "घ्या न बाई, एकानं काय होते!" असं वहिनी प्रत्येक रोडग्याला म्हणत होती. दादा मात्र धुराकडे पाठ करून बसला होता आणि नुसतं ताट चिवडत होता. तेव्हा माझं लक्ष सगळं माझ्या ताटात.

मग दादाच्या गाडीने आम्ही दोघं अमरावतीला, मावशीकडे निघालो. मूर्तिजापूर जवळ आलं आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं. श्वास पुरेना. बाबांचंही असंच सुरू झालं असेल, हे मनात आलं आणि मी पार घाबरले. समोर ते सोड्याचं दुकान. लहानपणी बाबा इथे हमखास थांबायचे. गोटीसोडा प्यायचे आणि असा दणदणीत ढेकर द्यायचे, की गिऱ्हाइकं वळून पाहायची अन् मी लाजेने गाडीत खाली वाकायचे.

"दादा, थांब. गॅसच असंल. सोडा घेते," मी म्हटलं.

"सोडा नाई," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "पयले दवाखाना."

गाडी थेट मूर्तिजापूरच्याच एका दवाखान्यात थांबली. ईसीजी झाला, रक्त तपासलं, थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी. माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टरीणबाई म्हणाली, "काकू, हृदय चांगलं हाये. तिखट-तूप पोटभर झालं, त्याची आंबट जळजळ वर आली. त्यात तुमी घाबरल्या. घाबरलं का माणूस भराभर श्वास घेते, अन् मंग श्वास पुरत नाईसा वाटते. पन हे घरी बसून ठरवाचं नाई. आल्या ते बेस केलं."

मी हसत बाहेर आले. बाकावर दादा छाती धरून बसला होता. घामेजलेला, धापा टाकत. मी किंचाळले. डॉक्टरीणबाईंनी त्यालाही आत नेलं, सगळं तपासलं. त्याचंही हृदय ठणठणीत निघालं.

"असं पयले कधी झालं?" त्यांनी विचारलं.

दादा खाली पाहत म्हणाला, "बाबा गेले तवापासून होते. रोडग्याचा धूर दिसला का छाती आवळते. कोनाले सांगू? आज हिलेही तसंच झालं, अन् मले वाटलं, गेली आता."

आळस म्हणे! मी त्याचा हात धरून ढसाढसा रडले. डॉक्टरीणबाईंनी त्याला हळूहळू श्वास सोडायला शिकवलं, आणि या भीतीवरही औषध असतं, पुन्हा दाखवायला या, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून परतताना मूर्तिजापुरात दादाने आपणहून गाडी थांबवली. दोन सोडे फोडले. बाटली हातात धरून तो बराच वेळ दुकानाकडे बघत राहिला, मग एका दमात प्यायला. आणि असा ढेकर दिला की दोन गिऱ्हाइकं वळली. हुबेहूब बाबा! आम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

गाडीत बसताना तो म्हणाला, "पुढच्या साली रोडगे मी लावतो. येशील न वं?"

येईन म्हटलं. धुरासमोर तुझ्याशेजारी बसेन म्हटलं.