अर्धी बटणं बंद होती म्हणून

हा किस्सा सांगितला की लोक हसतात आणि माझं डोकं फिरतं. तरी सांगतो. तात्याकडून ऐकलात तर त्यात मीठमसाला जास्त असेल.

कात्रजच्या घाटाखाली माझ्या सुनेचं दूध संकलन केंद्र आहे. शेतकरी कॅन आणतात, काट्यावर वजन होतं, शेजारच्या यंत्रात फॅट कळते. दोन्ही आकडे कॉम्प्युटरवर आले की मगच दूध टँकरमध्ये जातं. काटा, फॅटचं यंत्र, प्रिंटर आणि बाहेरचा बोर्ड, या चौघांच्या वायरी कॉम्प्युटरमधल्या एकाच कार्डात घुसतात. काट्यावरची आकडे दाखवणारी पट्टी कधीच मेलीय, वजन कॉम्प्युटरवरच बघायचं.

मी शाळा चौथीत सोडली, पण खडकीला जन्मभर वायरमन होतो. त्या सकाळी सून यायच्या आत म्हटलं, कॉम्प्युटरची धूळ झटकावी. सांगितलं होतं कोणी? नाही. उघडला. कार्डावर तांदळाएवढ्या पांढऱ्या बटणांच्या चार रांगा, वरच्या कडेला 'ON' छापलेलं, आणि त्यातली अर्धी बटणं खाली. म्हणजे बंद.

आता तुम्हीच सांगा, अर्धी बटणं बंद ठेवून जातो त्याला कारागीर म्हणायचं का? काडेपेटीतली काडी घेतली आणि झाडून सगळी वर केली. मग निवांत चहा घेतला.

पहिला आला तात्या, म्हशीच्या दुधानं गच्च भरलेला कॅन घेऊन. वजन आलं साडेसहा किलो. फॅट चाळीस.

"तात्या, बाकीचं वाटेत प्यायलास का? आणि म्हशीला काय तूप पाजतोस?"

"नाना, कॅन तोंडापत्तुर भरलेला हाय. तुमच्या काट्यालाच दवाखान्यात न्या."

"काटा ठणठणीत आहे. तुझ्या घरचं बघ."

पुढच्यांचंही तेच. मी एकालाही सोडलं नाही, सगळ्यांना चोर ठरवलं. तिकडे टँकरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

सून आली, आकडे बघितले आणि कार्ड बसवणाऱ्या बाईंना फोन लावला. स्पीकरवर.

"आतली बटणं कोणी हलवलीत का?"

सून माझ्याकडे बघायला लागली.

"हलवली नाहीत," मी म्हणालो, "दुरुस्त केली."

"काका, ती दिव्याची बटणं नाहीत. कुठलं वर, कुठलं खाली, यावर त्या वायरीचा नंबर ठरतो. प्रत्येकीचा वेगळा. तुम्ही चौघांना एकच नंबर दिलाय. कॉम्प्युटर वजन विचारतो, उत्तर फॅटचं यंत्र देतं; फॅट विचारली की काटा बोलतो."

"मग तसं वर लिहायला काय झालं होतं?"

"लिहिलंय, काका."

बाई सांगत गेल्या, सून एकेक बटण लावत गेली. आकडे ताळ्यावर आले तेव्हा टँकर गेलेला होता. एवढं दूध, आणि वर ऊन चढत चाललेलं. गावातल्या हलवायाची मोठी कढई आली, चूल पेटली. आता खवा करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

 सुनेनं माझ्या हातात लांब उलथनं दिलं.

"बाबा, हे हलवत बसा. याला बटण नाही."